परमुलखाला जाण्याचे कागद

१९०१ सालच्या उन्हाळी सुट्टीत साताऱ्याहून एका घरातली मुलं आगगाडीनं मसूर स्टेशनावर उतरली. त्यांचे वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियर होते. दुष्काळानं हैराण झालेल्या लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला घेतला होता. मुलं येणार असल्याचं पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं, त्यामुळं स्टेशनावर घ्यायला कोणी नव्हतं. मुलांचे चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला आणि जात कळल्यावर बाजूला झाला. गाडीवाल्यांपैकी एकही तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर ठरलं, तेही असं की बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवान पायी चालणार. डबा बरोबर होता, पण रात्रभर पाणी मिळालं नाही. टोलनाक्यावर मुलांनी आपण मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं, तरी घोटभर पाणी हाती आलं नाही. त्या मुलांतल्या नऊ-दहा वर्षांच्या भीमरावानं, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढं ही हकीकत इंग्रजीत लिहून ठेवली. ज्या टिपणांत ती आहे त्यांचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती त्यांच्या पश्चात, १९९० साली, छापली.

मसूर ते गोरेगाव हा सगळा रस्ता सातारा जिल्ह्यातला. गोरेगाव आमच्या शेजारचं. माण आणि खटाव हे तालुके एकाच दुष्काळाची लेकरं आहेत. व्हिसाचा इतिहास लिहायचा तर लंडन-न्यूयॉर्कपासून सुरुवात करायची रीत आहे. मी माणदेशातला माणूस, आणि माझ्या मते हा इतिहास मसूर स्टेशनाबाहेरच्या त्या बैलगाडीपासून सुरू होतो. जायला पाय होते, द्यायला भाडं होतं, पोचायला हक्काचं घर होतं, तरीही वाट बंद होती. कोणी कुठं जावं हे जाणाऱ्याऐवजी दुसऱ्यानं ठरवायचं, हीच परवान्याची मूळ गोष्ट. हेच बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तिथं राहिले, शिकले. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा त्यांना राहायला धड जागा मिळाली नाही. तीही हकीकत त्याच टिपणांत आहे.

माझी नोकरी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत लिपिकाची. लोक मला भाऊसाहेब म्हणत. शाळा सोडल्याचे दाखले मी लिहीत होतो. एखादा माणूस शाळा सोडून पंचवीस-तीस वर्षांनी फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “भाऊसाहेब, दाखला पाहिजे, पासपोर्ट काढायचाय.” मग जनरल रजिस्टरचा जुना, कडा कुरतडलेला खंड काढायचा आणि त्याचं नाव शोधायचं. ह्या लोकांमुळं मी परदेशी जाण्याच्या कागदांचा नाद धरला. कोणता कागद कधी आला, का आला, त्यानं कोणाला अडवलं, हे जमेल तसं वाचत गेलो.

माणदेश म्हणजे साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि सोलापुरातलं सांगोला. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाची ही मागची, कोरडी बाजू. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगवते आणि बहुतेक वर्षभर वाळूच दाखवते. इथं बाहेर पडणं ही रीतच आहे. धनगर मेंढरांचा वाडा घेऊन पावसाळा संपला की निघतो. ऊसतोडीचा कोयता घेऊन माणसं कृष्णाकाठाला जातात. आटपाडी, खानापूर, माण, खटावची पोरं गलाईच्या धंद्यात शिरली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं हे काम करत ती केरळपासून पंजाब-बंगालपर्यंत पोचली. देशातल्या सराफ बाजारांत मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो आणि बहुधा तो आमच्याकडचाच निघतो. त्याला व्हिसा लागला नाही. गावातला कोणीतरी आधी गेलेला असायचा, त्याच्या शब्दावर दुसरा जायचा. सराफ त्याच्या हाती सोनं सोपवायचा ते त्या ओळखीवर. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं तेव्हा सोन्याच्या धंद्यात सरकारी कागद आणि तपासण्या घुसल्या. तोवर गाव आणि नातं हाच परवाना होता.

समुद्र ओलांडणाऱ्यांची गोष्ट निराळी. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी मजूर नेणं १८३४ पासून जोरात सुरू झालं. त्या वर्षी २ नोव्हेंबरला ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईला लागलं. मॉरिशसमध्ये तो दिवस आजही पाळतात आणि तिथला आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. १८३७ साली कंपनी सरकारनं कायदा केला. जाणाऱ्यानं अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, कराराच्या अटी लेखी दाखवायच्या, मुदत पाच वर्षांची, परतीच्या प्रवासाची सोय हवी. तरीही फसवणूक इतकी झाली की १८३९ साली सगळं बंद करावं लागलं. १८४२ साली मॉरिशसपुरतं दार पुन्हा उघडलं तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबईचं बंदरही त्यात होतं. मुंबईहून जी मराठी माणसं गेली त्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीची जास्त, पण साताऱ्याकडचीही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथं मराठी म्हणूनच ओळखली जातात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

ह्या मजुरांचा जो पास असायचा त्याचे रकाने मला फार ओळखीचे वाटले. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जवळचा नातेवाईक. माझ्या जनरल रजिस्टरचे निम्मे रकाने हेच. १८६७ साली मॉरिशसच्या सरकारनं पुढचं पाऊल टाकलं. करार संपवून मोकळ्या झालेल्या मजुरानंही स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट कायम जवळ बाळगायचं. ते नसलं तर भटक्या म्हणून पकडून शिक्षा. ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या मळेवाल्यानंच ह्याविरुद्ध १८७१ साली मजुरांचा अर्ज सरकारकडं नेला आणि त्यातून चौकशी आयोग बसला. ते फोटो मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेले आहेत. साहेबाच्या पासपोर्टला अजून फोटो लागत नव्हता तेव्हा आमच्या मजुराच्या गळ्यात तो पडला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ओळख पटवण्याचा जाच आधी गरिबावर झाला, मग जगावर.

१८८३ च्या कायद्यानं बंदरावर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ नावाचा अधिकारी पक्का केला. मजुराला नेण्याआधी तो स्वखुशीनं जातोय का, त्याला अटी समजल्यात का, हे विचारणं त्याचं काम. नाव संरक्षकाचं आणि अधिकार अडवण्याचा. हा अधिकारी अजून आहे. त्याच नावानं.

पहिल्या महायुद्धापर्यंत साध्या प्रवाशाला पासपोर्टची सक्ती जवळपास नव्हती. युद्धात ती आली आणि १९२० च्या पासपोर्ट कायद्यानं कायम झाली. १९१७ साली गिरमिट, म्हणजे करारानं मजूर नेणं, थांबलं आणि १९२२ च्या कायद्यानं अकुशल मजुरानं परवानगीशिवाय बाहेर जाण्यावरच बंदी घातली. गोऱ्यांच्या मळ्यांवर झालेल्या छळाला तो उतारा होता आणि त्यामागं आपल्याच पुढाऱ्यांचा रेटा होता. हेतू चांगला होता ह्याबद्दल मला शंका नाही. पण शिकलेल्याला वाट मोकळी आणि न शिकलेल्याला सरकारची परवानगी, हा भेद तिथं कायद्यात बसला तो आजतागायत निघालेला नाही.

आमच्या खोऱ्यात तर आणखी एक गुंता होता. म्हसवड ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात आणि शेजारचं आटपाडी औंध संस्थानात. माणगंगेचं एकच पाणी दोन्हीकडं. म्हसवडचा माणूस कागदावर ब्रिटिश प्रजाजन आणि आटपाडीचा ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचा. पासपोर्टवर दोघांची नोंद वेगळी व्हायची आणि संस्थानच्या माणसाचा अर्ज दरबार आणि पोलिटिकल एजंटाच्या वाटेनं जायचा. एकमेकांच्या घरी पोरी देणारी माणसं आगबोटीच्या कचेरीत दोन वेगळ्या सरकारांची ठरत होती. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि हा भेद संपला.

त्याच वर्षी औंधच्या राजाचा मुलगा नैरोबीला पोचला. अप्पासाहेब पंत हे बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. ऑक्सफर्डला शिकलेले आणि बॅरिस्टर झालेले. स्वतंत्र भारतानं त्यांना पूर्व आफ्रिकेत आपला आयुक्त म्हणून पाठवलं. तिथं तेव्हा हिंदी लोकांचा ओघ रोखणारे नवे प्रवेश-परवाने लागू होत होते. अप्पासाहेबांनी आफ्रिकी तरुणांना भारतात शिकायला येण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या आणि आफ्रिकी नेत्यांशी उघड मैत्री ठेवली. ब्रिटिशांना ते खुपलं आणि १९५४ साली त्यांना तिथून हलावं लागलं. पुढं १९६९ ला ते लंडनला भारताचे उच्चायुक्त झाले. माणदेशाच्या मातीशी नातं असलेल्या राजपुत्राच्या दारी सगळ्या हिंदी लोकांची प्रवेशाची गाऱ्हाणी येत होती, तेव्हा आटपाडीतून तिथवर पोचू शकणारी माणसं किती असतील? शिक्षण राजवाड्यात होतं, शिवारात नव्हतं.

लंडनचं दारही तोवर बदललं होतं. राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनमध्ये जायला फक्त पासपोर्ट पुरे होता ते १९६२ पर्यंत. त्या वर्षीच्या कायद्यानं रोजगाराचं व्हाउचर लागू केलं. हातात नोकरी असेल किंवा अंगात कसब असेल तर वाट मोकळी. बिनकसबी माणसांसाठी जो तिसरा वर्ग ठेवला होता तो दोन-तीन वर्षांत बंदच झाला.

आपल्याकडं पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क आहे हे ठरायला १९६७ साल उजाडलं. तोवर तो द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी. परतीच्या खर्चाची हमी देणारा, ऐपतदार जामीन शोधावा लागे. कोरडवाहू माणसाला जामीन कोण राहणार? १९६७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय तो नाकारता येणार नाही. जूनमध्ये संसदेनं पासपोर्ट कायदा केला. मनेका गांधी यांच्या खटल्यात १९७८ साली न्यायालयानं तेच तत्त्व आणखी घट्ट केलं. हे दोन निकाल शाळेच्या पुस्तकात असायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

१९७३ नंतर तेलाचा पैसा आला आणि आखाताचं दार उघडलं. कोकणातली माणसं त्या वाटेनं आधीच ये-जा करणारी, ती पुढं झाली. माणातून जाणारे थोडे आणि उशिरा गेलेले. गवंडी, ड्रायव्हर, फिटर. १९८३ साली नवा उत्प्रवासन कायदा आला आणि वर्षाखेरीस लागू झाला. त्यानं जुना संरक्षक तसाच ठेवला. काही ठराविक देशांत कामाला जायचं तर ठराविक लोकांना त्याची मंजुरी हवी. मंजुरी कोणाला नको, त्याची यादी झाली. पदवीधर, प्राप्तिकर भरणारे वगैरे. पुढं शिक्षणाची अट खाली येत येत दहावी उत्तीर्णावर ठरली. पन्नाशी ओलांडलेला, तीन वर्षं परदेशात काढून आलेला, मान्यताप्राप्त आयटीआय केलेला, असेही त्यात बसतात. बाकीच्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे मंजुरी आवश्यक, असा शेरा. आज असे अठरा देश आहेत. सौदी, अमिरात, कतार, ओमान, कुवेत, बहरीन, मलेशिया हे त्यातले आमच्याकडच्या तोंडी असलेले.

दहावी उत्तीर्ण. हे दोन शब्द मी दाखल्यांवर आयुष्यभर लिहिले किंवा लिहिले नाहीत. धनगराचा पोरगा सातवीपर्यंत हुशार असायचा, मग वडिलांबरोबर वाड्यावर जायचा आणि आठ महिन्यांनी परत यायचा तेव्हा हजेरी बुडालेली असायची. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या पोरीचंही तेच. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ असं कारण पडायचं. ज्या देशाटनानं त्या घराला जगवलं त्याच देशाटनानं त्या पोराची दहावी बुडवली आणि दहावी नाही म्हणून पुढच्या देशाटनाला शेरा बसला. मला हा अन्याय वाटतो. संरक्षण द्यायचं तर सगळ्या कामगारांना द्या, अडाणीपणाचा शिक्का मारून नको.

जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं ठरवलं की ईसीआरवाल्यांचा पासपोर्ट केशरी रंगाचा करायचा. विमानतळावर लांबूनच कळावं की हा दहावी नापास. केरळपासून ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि महिन्याच्या आतच तो निर्णय मागं घेतला गेला. मॉरिशसच्या १८६७ च्या तिकिटानंतर दीडशे वर्षांनी तोच विचार आमच्याच सरकारी टेबलावर आला होता. तो थांबवला गेला ही चांगली गोष्ट झाली.

जन्मतारखेचंही सांगायला हवं, कारण अडचणी त्यातच फार. गावात जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, कोतवाल बुकात व्हायची. ‘अमक्याला मुलगा झाला’ इतकंच, मुलाचं नाव नसायचं. जन्ममृत्यू नोंदणीचा देशभरचा कायदा १९६९ चा. त्यानंतरही वाड्यावर, रानात झालेल्या बाळंतपणाची नोंद कुठली व्हायला! मग पोर शाळेत आलं की गुरुजी अंदाजानं वय धरायचे आणि १ जून लिहायचे. माझ्या रजिस्टरात अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं आहे. गुरुजींनी ते पोराच्या भल्यासाठीच केलं, नाहीतर प्रवेशच मिळाला नसता. २६ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्माचा दाखलाच हवा असा नियम होता तेव्हा ह्या तारखांनी लोकांना फार पळवलं. डिसेंबर २०१६ मध्ये तो सैल झाला आणि शाळेचा दाखलाही चालू लागला. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना मात्र जन्माचा दाखलाच लागेल. आज घरात लहान मूल असेल त्यांनी ग्रामपंचायतीत ही नोंद नावासकट झालीय का ते बघावं.

आमच्या शाळेत नववी सोडलेला एक मुलगा ड्रायव्हर झाला होता. मुंबईच्या एका सबएजंटनं त्याला अमिरातीला पाठवलं, तेही भेटीच्या व्हिसावर. कामाच्या व्हिसावर गेला असता तर मंजुरी लागली असती, करार नोंदवला गेला असता, विमा निघाला असता. नुसत्या भेटीला जाणाऱ्या ईसीआरवाल्याला २००७ पासून मंजुरी लागत नाही, ही फट एजंट वापरतात. तिकडं त्याचा पासपोर्ट काढून घेतला गेला, पगार बुडाला, व्हिसाची मुदत संपली. २०१८ साली तिथल्या सरकारनं बेकायदा राहिलेल्यांना माफी दिली तेव्हा तो परत आला. घरची दोन एकर त्या पैशापायी गहाण पडली होती. त्याच्या आईनं मला विचारलं, “भाऊसाहेब, कागद तर सगळे होते की!” कागद होते, पण चुकीच्या दाराचे.

आता नवी दारं उघडताहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. तिथं जायला भाषेची परीक्षा लागते आणि आपल्या प्रमाणपत्राला त्यांची मान्यता लागते. म्हणजे पुन्हा शाळा आणि दाखला. आपल्या दहिवडी, म्हसवड, आटपाडीच्या आयटीआयमधली मुलं त्यात बसू शकतात, जर कोणी त्यांना वेळेवर सांगितलं तर. अमेरिकेत मुलाकडं भेटीला जाणाऱ्या आईबापांची अडचण वेगळीच असते. तिथल्या १९५२ च्या कायद्याप्रमाणं भेटीचा व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आलाय असं आधी धरलं जातं आणि तो परत येणार हे त्यानंच पटवून द्यायचं. आमच्याकडची माणसं सातबारा, घरपट्टी, बँकेचं पुस्तक घेऊन जातात. जमीन कोरडवाहू असली तरी ती आपली आहे आणि आपण तिच्याकडं परत येणार, हे सांगताना त्यांनी संकोचू नये.

मी निवृत्त झालो तरी लोक येतात, त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो. दाखला, आधार, पॅन आणि सातबारा यांवरचं नाव एकच आहे का ते जाण्याचा विचार करण्याआधी बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर नक्कीच. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा, नाहीतर शाळेतल्या एखाद्या मुलाकडून तपासून घ्या. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती घ्या. कामाला जायचं तर कामाच्याच व्हिसावर जा. कुठंही काम करता येईल असं सांगून विकला जाणारा ‘आझाद व्हिसा’ कोणत्याही देशाच्या कायद्यात नाही. आणि पोरांची दहावी होऊ द्या, वाडा कुठंही गेला तरी.